नाटकाच्या परीक्षेत नेमकं काय तपासतात?

प्रश्न : माझी नात इंग्लंडमध्ये शिकते. यंदा तिने इतर विषयांबरोबर ‘ड्रामा’ घेतला आहे आणि त्याची म्हणे रीतसर बोर्डाची परीक्षा असते. स्नेहसंमेलनात नाटक बसवतात हे ठाऊक आहे, पण त्याचा पेपर कसा काढतात? अभिनयाला गुण कोण देतं, कशावरून देतं? पोर तशी लाजाळू आहे, तिचा निभाव लागेल का? आणि इथून मला तिला काही मदत करता येईल का?
— एक आजी, सातारा

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. पण ते कसं, हे कळायला आधी परीक्षा समजून घ्यावी लागेल.

नात देणार आहे ती जीसीएसई. तिकडची मुलं ती सोळाव्या वर्षाच्या आसपास देतात, म्हणजे आपल्या दहावीच्या जागी. या परीक्षा घेणारी मंडळं एकाहून अधिक आहेत. पण नाटकाची विभागणी ठरलेली असते : 40 टक्के गुण लेखी पेपरला आणि 60 टक्के प्रत्यक्ष कामाला. बहुतेक मंडळांत या 60 मधले 40 टक्के मुलांनी स्वतः रचलेल्या नाटकाला आणि 20 टक्के एखाद्या छापील नाटकातले प्रवेश सादर करण्याला. श्रेणी 9 ते 1 अशी, 9 सर्वांत वरची.

या सगळ्यात मला मोलाचा वाटतो तो स्वतः रचलेल्या नाटकाचा भाग. शिक्षक वर्गापुढे काहीतरी ठेवतात : एखादं छायाचित्र, बातमीचं कात्रण, कविता, गाणं. मुलं लहान गट करतात आणि त्यातून काही आठवडे खपून छोटं नाटक उभं करतात. तयार संहिता नसते, दिग्दर्शक म्हणून कुणी मोठं माणूस नसतं. ‘एक्यूए’ या मंडळाची गुणांची वाटणी पाहिली तर आपल्याकडच्या पालकांना आश्चर्य वाटेल. या भागाच्या 80 गुणांपैकी रंगमंचावरच्या सादरीकरणाला फक्त 20, आणि उरलेले 60 प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठेवलेल्या नोंदवहीला. गणितात उत्तराइतकेच रीतीलाही गुण असतात, तसंच हे. त्या छायाचित्रात तुला काय दिसलं? तालमीत कोणता प्रसंग टाकून दिलात, आणि का? मैत्रिणीची सूचना मान्य केलीस की नाही? प्रयोग झाल्यावर काय जमलं, काय फसलं? हे सगळं तिने लिहायचं, तेही जास्तीत जास्त अडीच हजार शब्दांत. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांना बोलून ध्वनिमुद्रित करण्याची मुभा आहे. ती नसती, तर रंगमंचावर तळपणाऱ्या पण लेखणी हातात आली की अडणाऱ्या मुलांवर ही वाटणी अन्याय करणारी ठरली असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

अभिनयाचे गुण कोण देतं? स्वतः रचलेल्या नाटकाला शाळेतले शिक्षक देतात. प्रयोगाचं चित्रमुद्रण ठेवलं जातं आणि मंडळ त्यातले नमुने तपासून पाहतं. छापील नाटकातल्या प्रवेशांसाठी एक्यूएचा परीक्षक बाहेरून येतो. गट एक असला तरी गुण प्रत्येकाचे वेगळे. आवाजाचा चढउतार, हालचाल, समोरच्या पात्राला दिलेला प्रतिसाद, भूमिकेची समज असं काय काय पाहायचं ते आधीच लिहून ठरलेलं असतं. त्यामुळे ‘छान केलं’ एवढ्यावर गुण मिळत नाहीत.

आता लाजाळूपणाची काळजी. तुमच्या नातीला रंगमंचावर पाऊलही न ठेवता ही परीक्षा देता येते. नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी, वेशभूषा, बाहुल्या यांपैकी एक बाजू घेऊन ‘डिझायनर’ म्हणून ती गटात काम करू शकते, आणि तिचे गुण त्या कामावर ठरतात. आपल्या शाळांतल्या नाटकांत बक्षीस बहुतेक अभिनयाला मिळतं, आणि विंगेत उभं राहून प्रकाशाचा क्यू अचूक सांभाळणाऱ्या मुलाचं नावही कुणी घेत नाही. तो मुलगाही नाटकच करत असतो, हे या अभ्यासक्रमाने मान्य केलं आहे. मला यात मोठा न्याय दिसतो.

एक्यूएचा लेखी पेपर पावणेदोन तासांचा. त्यात रंगमंचाची परिभाषा विचारणारे थोडे बहुपर्यायी प्रश्न, मग नेमलेल्या नाटकातल्या उताऱ्यावर प्रश्न, आणि शेवटी पाहिलेल्या एका प्रयोगाचं रसग्रहण असतं. नाटकाचं पुस्तक समोर ठेवायला परवानगी आहे, कारण पाठांतर तपासायचंच नाही. विली रसेल यांचं ‘ब्लड ब्रदर्स’ तिकडे अनेक शाळांत अभ्यासलं जातं. लिव्हरपूलच्या गरीब आईचे जुळे मुलगे जन्मताच वेगळे होतात. एक तिच्याकडे वाढतो, दुसरा श्रीमंत घरात. या आईला पहिल्या प्रवेशात कोणते कपडे घालशील आणि का, अशा धाटणीचा प्रश्न येतो. उत्तर देताना त्या काळातलं लिव्हरपूल, तिथली बेकारी, कापडाचा पोत, रंगाचं विटणं, सगळं डोळ्यांपुढे आणावं लागतं. हे नाटक 1981 मध्ये आधी शाळेतल्या मुलांसमोर झालं आणि 1983 मध्ये संगीतिका होऊन लिव्हरपूलच्या मोठ्या रंगमंचावर गेलं. वर्गातून रंगमंदिरात गेलेलं नाटक पुन्हा वर्गात परतलं, याचा मला फार आनंद वाटतो.

शाळेत नाटक हवं, हा विचार तिकडे जुना आहे. ससेक्समधल्या एका खेड्यातल्या मुख्याध्यापिका हॅरिएट फिनले-जॉन्सन विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इतिहास-भूगोल नाटकातून शिकवत होत्या. पुढे डोरोथी हीथकोट आल्या. चौदाव्या वर्षी शाळा सोडून यॉर्कशायरच्या लोकरगिरणीत कामाला लागलेली ही मुलगी नाट्यशिक्षणातली जगभर मानली गेलेली शिक्षिका झाली. त्या स्वतः एखादी भूमिका घेऊन वर्गात शिरत आणि मुलांना त्या प्रसंगातला निर्णय घ्यायला लावत. आजच्या नोंदवहीतल्या ‘का?’मागे मला हीथकोट बाई उभ्या दिसतात. तरीही 1988 च्या कायद्यानंतर आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाटकाला स्वतंत्र जागा मिळाली नाही, ते इंग्रजीच्या पोटात राहिलं. 2010 मध्ये शाळा जोखण्यासाठी सरकारने मुख्य विषयांचा जो गट ठरवला, त्यातही कला नव्हत्या, आणि नंतरच्या वर्षांत नाटक घेणाऱ्या मुलांची संख्या घटत गेली. तेव्हा नातीच्या शाळेत हा विषय आहे, हे तिचं भाग्यच समजा. पुढे ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या जागी असलेल्या परीक्षेलाही, तो घेता येतो.

आता तुमची मदत. नाटक रचताना मुलं माणसांशी बोलून माहिती गोळा करतात, आणि ते संशोधन नोंदवहीत मोजलं जातं. गटाचा विषय दुष्काळ, स्थलांतर, गिरणी, लग्न, शाळा सुटणं असा काही निघाला, तर तिने तुम्हाला फोन करून विचारावं. तुम्ही तात्पर्य सांगू नका, बारकावे सांगा : पाणी कुठून आणायचात, घागर कशी धरायचात, कोण कुणाशी बोलणं टाकून होतं, घरात कुणाचा आवाज चढायचा. रंगमंचावर वापरता येतं ते एवढंच. त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते तिला ठरवू द्या, कारण गुण त्या ठरवण्याला आहेत. ती सुट्टीत साताऱ्याला आली की शाहू कलामंदिरात एखादा प्रयोग दोघी मिळून बघा, आणि घरी परतताना नटांविषयी बोलण्याआधी प्रकाशयोजनेविषयी तिला विचारा.