लुंबिनीचा कोळसा आणि कार्बनचे घड्याळ

भगवान बुद्धांचा जन्म कोणत्या वर्षी झाला, या प्रश्नाला आपल्या पाठ्यपुस्तकात ठरलेले उत्तर असते : इ.स.पू. ५६३. श्रीलंका किंवा म्यानमारमधील बौद्ध दिनदर्शिका पाहिली, तर तेथे महापरिनिर्वाणच इ.स.पू. ५४४ चे धरलेले आढळते. भगवंतांचे आयुष्य ऐंशी वर्षांचे मानले, तर जन्म इ.स.पू. ६२४ च्या सुमारास जातो. १९५६ साली देशभर जी अडीच हजारावी बुद्धजयंती साजरी झाली, ती याच गणनेने. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. तिसरे एक उत्तर अलीकडच्या अनेक अभ्यासकांचे आहे. ते जन्म इ.स.पू. पाचव्या शतकात आणतात.

गेल्या काही वर्षांत या वादाला वेगळेच वळण लागले आहे. लुंबिनीच्या उत्खननात कोळसा सापडला, त्याचे कार्बन-परीक्षण झाले आणि बुद्धांचा जन्म इ.स.पू. सहाव्या शतकातच झाला हे विज्ञानाने सिद्ध केले, असे भाषणांतून आणि व्हॉट्सअॅपवरून वारंवार सांगितले जाते. ऐकून आनंद होतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कालामांना दिलेला उपदेश ज्या परंपरेने जपला, तिच्या अनुयायांनी हे विधानही तपासून घेतले पाहिजे. ते तपासण्याचे साधन किरणोत्सारी रसायनशास्त्रात आहे, आणि त्या साधनाचीच एक विलक्षण अडचण येथे आड येते. ती समजून घेण्यासाठी हा लेख.

प्रथम ग्रंथांचा आधार पाहू. सम्राट अशोकांनी आपल्या तेराव्या शिलालेखात समकालीन पाच ग्रीक राजांची नावे कोरली आहेत. त्या राजांचे काळ स्वतंत्रपणे माहीत असल्यामुळे अशोकांचा राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या सुमारास झाला, असे ठरविता येते. प्राचीन भारताच्या कालगणनेतील हा सर्वांत भक्कम खुंटा होय. श्रीलंकेतील पाली वंशग्रंथ सांगतात की, महापरिनिर्वाणानंतर २१८ वर्षांनी अशोकांचा अभिषेक झाला. उत्तरेकडील संस्कृत परंपरा हेच अंतर सुमारे १०० वर्षांचे देते. पहिल्या हिशेबाने महापरिनिर्वाण इ.स.पू. ४८६ च्या आसपास येते, दुसऱ्याने इ.स.पू. ३६८ च्या. दोन्ही ग्रंथपरंपरा आदरणीय, दोन्ही आपल्याच. आणि मध्ये शंभराहून अधिक वर्षांची दरी. (इ.स.पू. ५४४ ही गणना या दोहोंपेक्षाही मागे जाते, हे येथे लक्षात ठेवावे.) ग्रंथ एकमत होत नाहीत, तेव्हा जमीन काय सांगते हे पाहावे लागते.

लुंबिनी येथे अशोकांनी अभिषेकाच्या विसाव्या वर्षी स्वतः येऊन स्तंभ उभारला. येथे शाक्यमुनी बुद्धांचा जन्म झाला, म्हणून गावाचा कर कमी केला, असे त्यावरील लेखात नोंदविले आहे. हा स्तंभ १८९६ साली पुन्हा प्रकाशात आला. त्याच्या शेजारी मायादेवी मंदिर आहे. २०११ पासून ड्युरॅम विद्यापीठाचे रॉबिन कॉनिंगहॅम आणि नेपाळचे कोशप्रसाद आचार्य यांच्या पथकाने मंदिराच्या आतील भागात उत्खनन केले. अशोककालीन विटांच्या वास्तूखाली त्याहून जुनी विटांची रचना मिळाली आणि तिच्याही खाली लाकडी खांब रोवल्याचे खड्डे मिळाले. मधली जागा उघडी होती. तेथे झाडाच्या मुळांच्या खुणा होत्या. मायादेवींनी वृक्षाची फांदी धरली असताना प्रसूती झाली, ही कथा ज्यांना बालपणापासून ठाऊक आहे, त्यांच्या अंगावर हे वाचून रोमांच उभे राहतात. खांबांच्या दोन खड्ड्यांतील कोळशाचे वय काढले गेले : एकाचे इ.स.पू. ७९९ ते ५४६, दुसऱ्याचे इ.स.पू. ८०१ ते ५४५. हे निष्कर्ष २०१३ च्या डिसेंबरमध्ये ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

दोन्ही नमुन्यांची उत्तरे जवळजवळ एकच आहेत, यावरून मापन चोख झाले हे दिसते. मग प्रत्येक उत्तर अडीचशे वर्षे एवढे रुंद का? उपकरण ओबडधोबड होते म्हणून नव्हे. कारण आकाशात आहे.

अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात, तेव्हा न्यूट्रॉन सुटतात. असा न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणुकेंद्रात शिरला, की त्यातून एक प्रोटॉन बाहेर पडतो आणि कार्बन-१४ हा किरणोत्सारी समस्थानिक तयार होतो. १९४० साली मार्टिन केमेन आणि सॅम रुबेन यांनी बर्कली येथे तो प्रथम ओळखला. हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून तो वनस्पतीत, वनस्पतीतून प्राण्यांत आणि आपल्यातही येतो. प्रमाण अत्यल्प, सुमारे एक लाख कोटी सामान्य अणूंमागे एक अणू. जीव जिवंत आहे तोवर भर पडत राहते; मेला की भर थांबते आणि घट तेवढी चालू राहते. ५,७३० वर्षांनी निम्मे अणू उरतात. अडीच हजार वर्षांनी सुमारे ७४ टक्के.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात विलार्ड लिबी यांनी या घटीलाच घड्याळ बनविले. अडचण मोठी होती. सजीवातील एक ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला जेमतेम चौदा अणू क्षय पावतात आणि त्या काळच्या मोजयंत्रावर आसपासच्या किरणांचेच शेकडो ठोके मिनिटाला पडत. लिबींनी यंत्राभोवती लोखंडाची जाड भिंत रचली आणि आत दुसऱ्या मोजनळ्यांचे कडे बसविले. बाहेरून येणारा कण आधी कड्यात नोंदला गेला, तर तो ठोका धरायचा नाही. अशा युक्तीने निरुपयोगी ठोके मिनिटाला पाच-सहावर आले. मग वय आधीच माहीत असलेले नमुने, उदाहरणार्थ इजिप्तचे राजे झोसर व स्नेफेरू यांच्या काळातील लाकूड, तपासून १९४९ मध्ये पद्धत पडताळली गेली. १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले.

नमुना यंत्रात घालण्यापूर्वीचे रसायनकाम आमच्या मते अधिक शिकण्यासारखे आहे, पण त्याची चर्चा कोणी करीत नाही. जमिनीत पुरलेला कोळसा स्वच्छ नसतो. पाण्यातून आलेला चुना त्याला चिकटतो; कुजलेल्या पालापाचोळ्यातील ह्युमिक आम्ले त्यात मुरतात. पहिल्याने वय वाढू शकते, दुसऱ्याने ते बहुधा घटते. म्हणून नमुना आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, मग सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये आणि पुन्हा आम्लात धुतात. त्यानंतर तो जाळून कार्बन डायऑक्साइड मिळवितात आणि आधुनिक पद्धतीत त्याचे ग्रॅफाइट करतात. हे ग्रॅफाइट कणत्वरकात गेले, की क्षयाची वाट न पाहता कार्बन-१४ चे अणूच एकेक करून मोजले जातात; त्यासाठी एक मिलिग्रॅम कार्बन पुरतो. मापनात एक टक्का चूक झाली, तर वय सुमारे ऐंशी वर्षांनी सरकते. धुण्याच्या पायरीतील हलगर्जी शतकाच्या किमतीला पडू शकते ती अशी.

लिबींच्या गणिताचा पाया म्हणजे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सदैव सारखे होते, हे गृहीतक. १९५८ मध्ये हॉलंडच्या हेसेल द व्ह्रीस यांनी ते पूर्ण खरे नसल्याचे दाखविले. सूर्य जोमात असला, की त्याचे चुंबकीय कवच विश्वकिरणांना अडविते व कार्बन-१४ कमी बनतो. सूर्य मंदावला, की जास्त बनतो. मग झाडांची वार्षिक वलये मदतीला आली. प्रत्येक वलयाचे वर्ष मोजून कळते आणि त्या वर्षीच्या हवेचा नमुना त्यात बंद असतो. हजारो वलयांवरून एक वक्ररेषा तयार झाली. आज प्रयोगशाळेतून आलेले कच्चे वय या रेषेवर ठेवून खरी वर्षे वाचतात.

ही रेषा सहसा उतरत जाते. परंतु इ.स.पू. ८०० ते ४०० या दरम्यान ती जवळजवळ सपाट पडते. युरोपातील एका लोहयुगीन संस्कृतीवरून अभ्यासक तिला ‘हॉलस्टॅट पठार’ म्हणतात. पठार का पडते, हे दोन कणग्यांच्या उदाहरणाने समजेल. पहिली कणगी इ.स.पू. ७०० मध्ये भरली, तिच्यात १,००० पायल्या धान्य होते. कीड ठरावीक दराने धान्य खाते. २८० वर्षांनी, म्हणजे इ.स.पू. ४२० मध्ये, तिच्यात सुमारे ९६६ पायल्या उरल्या. त्याच वर्षी दुसरी कणगी भरली, पण पीक कमी आल्याने तिच्यात मुळातच ९६६ पायल्या पडल्या. येथून पुढे दोन्हींत कीड सारख्याच दराने खाणार. आज झाकण उघडून मोजणाऱ्याला दोन्हींत सारखेच धान्य मिळेल आणि थोरली कोणती, धाकटी कोणती, हे त्याला सांगता येणार नाही. त्या शतकांत हवेतील कार्बन-१४ नेमका असाच, क्षयाच्या वेगाने, घटत गेला. परिणामी इ.स.पू. ७४० चे लाकूड आणि इ.स.पू. ४२० चे लाकूड दोन्ही आपले कच्चे वय २,४५० वर्षांच्या आसपास सांगतात. (हे वय १९५० पासून मागे मोजतात, त्यानंतर वातावरणातील अणुस्फोट-चाचण्यांनी कार्बन-१४ इतका वाढविला की १९६० च्या दशकात तो जवळजवळ दुप्पट झाला.)

आता वर दिलेल्या गणना पुन्हा पाहा. जन्म इ.स.पू. ६२४ चा धरा, ५६३ चा धरा, की पाचव्या शतकातला धरा. भगवंतांचे आयुष्य सर्वस्वी किंवा बव्हंशी या पठारावरच येते. ज्या शतकांविषयी आपणास सर्वाधिक जाणून घ्यावयाचे आहे, तेथेच कार्बनचे घड्याळ थबकते.

लुंबिनीच्या कोळशाचे कच्चे वय पठाराच्या थोरल्या टोकाशी पडते, म्हणूनच उत्तर इ.स.पू. ८०० ते ५४५ असे पसरले. मग पाचव्या शतकातील जन्माचा पर्याय बाद झाला काय? आमचे उत्तर, नाही. कोळसा सांगतो तो त्या लाकडाच्या वाढीचा काळ. जुन्या वृक्षाचा गाभा खांबासाठी वापरला असेल, तर खांब रोवला गेला तो काळ कितीतरी नंतरचा असू शकतो. शिवाय खांबांनी वेढलेली ती जागा आरंभापासून बुद्धस्मृतीचीच होती, की तेथे आधीपासून वृक्षपूजा चालत होती आणि पुढे ते स्थान बौद्ध झाले, हे कोणतेही समस्थानिक सांगू शकत नाही. ही शंका काही बौद्धविद्येच्या अभ्यासकांनीही लगेच मांडली होती आणि ती मांडणारे बुद्धांचे विरोधक नव्हते. पथकाने मातीच्या कणांचे वय दुसऱ्या एका पद्धतीनेही काढले. मातीतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गाने गारेच्या कणांत इलेक्ट्रॉन अडकत जातात. सूर्यप्रकाश लागला की ते सुटतात. प्रयोगशाळेत कणांवर प्रकाश टाकून निघणारी चमक मोजली, की त्यांनी शेवटचे ऊन कधी पाहिले ते कळते. येथे पठाराची अडचण नाही. उत्तर आले इ.स.पू. ५४५, पण २३५ वर्षे मागेपुढे. म्हणजे इ.स.पू. ७८० ते ३१०.

यातून जे निश्चित हाती लागते, तेही थोडे नाही. अशोक लुंबिनीला आले तेव्हा ते मोकळ्या रानात आले नव्हते. त्या भूमीवर, त्यांच्या विटांच्या कितीतरी आधी, माणसांनी एक उघडी जागा राखून ठेवली होती, तिच्याभोवती खांब रोवले होते आणि मध्ये झाड वाढू दिले होते. स्थानाची ही सलगता एवढीच सांगितली, तर ते विधान टिकते. त्यात जन्मवर्ष घुसडले, की पहिल्या जाणकार श्रोत्यासमोर ते कोसळते आणि सोबत खऱ्या भागाचीही पत जाते. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे व्यासपीठांवरून बोलतात, त्यांना ही विनंती आहे.

असे काम करण्यासाठी परदेशीच जावे लागते, अशी समजूत मात्र नसावी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकाच्या आरंभी कार्बन-कालमापनाची प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे ते काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावचे ताम्रपाषाणयुगीन शेतकरी इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात नांदले, हे आपण आज सांगतो ते अशा मापनांच्या बळावर. लखनौची बिरबल साहनी संस्था आणि दिल्लीचे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र येथेही असे मापन होते. विज्ञान शाखेला गेलेल्या आमच्या मुलामुलींना रसायनशास्त्र म्हटले की औषधनिर्मिती तेवढी आठवते, म्हणून ही नावे मुद्दाम दिली.

पठार ओलांडण्याची एक वाट अलीकडे दिसू लागली आहे. २०१२ मध्ये जपानच्या फुसा मियाके यांनी देवदाराच्या वलयांत इ.स. ७७५ च्या सुमारास कार्बन-१४ एकाच वर्षात एकदम उसळल्याचे दाखविले. तशीच एक उसळी इ.स.पू. ६६० च्या सुमारास, म्हणजे नेमकी पठारावर, सापडली आहे. एखाद्या जुन्या तुळईत ते वलय मिळाले, आणि तेथून सालीपर्यंतची वलये मोजता आली, तर ते झाड कोणत्या वर्षी तोडले हे जवळजवळ वर्षाच्या अचूकतेने सांगता येईल. त्यासाठी निदान काही दशकांची वलये असलेले, शक्यतो सालीसकट टिकलेले लाकूड हवे. लुंबिनीच्या खड्ड्यांत खांब उरलेले नाहीत. उरला तो कोळशाचा चुरा.