खुब्याच्या अस्थिभंगानंतर वृद्ध रुग्णाचे पुन्हा चालणे

उतारवयात अनपेक्षितपणे ओढवणाऱ्या संकटांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांची धास्ती सर्वांनाच असते. त्या मानाने खुब्याचा अस्थिभंग समाजात फारसा गंभीर मानला जात नाही. 'पडल्या, हाड मोडले, हळूहळू जुळेल' अशीच बहुतेकांची समजूत असते. निरनिराळ्या देशांतील नोंदी मात्र वेगळे सांगतात. या अस्थिभंगानंतर वर्षभरात दर पाच रुग्णांपैकी किमान एक दगावतो, आणि जे बचावतात त्यांपैकी साधारण निम्म्यांनाच पूर्वीसारखे चालता येते. मोडलेल्या हाडाने मृत्यू क्वचितच येतो. बहुतेक वेळा तो दीर्घकाळ अंथरुणास खिळल्यामुळे येतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांत घेतलेला निर्णय आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांतील शुश्रूषा यांवर रुग्णाचे पुढील आयुष्य ठरते.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते कमरेच्या हाडाच्या खोबणीत बसते. या गोल डोक्याला हाडाच्या दांड्याशी जोडणारा आखूड भाग म्हणजे त्या हाडाची मान. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची आणि सत्तरीनंतर पुरुषांचीही हाडे विरळ होत जातात, आणि उभ्या उंचीवरून पडल्याचे निमित्तही ही मान मोडण्यास पुरते. घटना बहुधा घरातच घडते. रात्री लघवीला उठताना आलेली घेरी, ओली मोरी, गुळगुळीत फरशी, पायात अडकलेले लुगडे किंवा धोतर, दोन खोल्यांमधील उंबरठा अशी तिची साधी कारणे असतात. पडलेल्या व्यक्तीला पाय उचलता येत नाही. तो आखूड झालेला व बाहेरच्या बाजूस वळलेला दिसतो. क्वचित हाडाची टोके एकमेकांत रुतून बसतात. अशा वेळी रुग्ण लंगडत का होईना चालतो, आणि मुका मार समजून आठवडाभर लेप व शेक चालू राहतो. वृद्ध माणूस पडल्यानंतर जांघेत दुखत असेल तर क्ष-किरण तपासणी टाळू नये, आणि तोवर मालीश तर मुळीच करू नये.

निदान झाल्यावर नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो : या वयात शस्त्रक्रिया सोसेल का? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु शस्त्रक्रिया न करणे हाही एक उपचारच असतो आणि त्याचे धोके बहुधा अधिक असतात, हे त्या घाईत कोणी समजावून सांगत नाही. पूर्वी पायाला वजन बांधून रुग्णास अनेक आठवडे निजवून ठेवीत. त्या काळात न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी आणि शय्याव्रण यांपैकी एखादे कारण रुग्णाला घेऊन जाई. इंग्लंडमधील डॉ. रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक छोटा लेख लिहिला. विश्रांती म्हणजे उपचार ही समजूत तेव्हा डॉक्टरांमध्येही घट्ट होती, त्यामुळे तो लेख गाजला. आपल्याकडे ती समजूत अद्याप पुरती गेलेली नाही.

मोडलेली मान आतून जोडण्यासाठी स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ पासून तीन पात्यांचा खिळा वापरण्यास आरंभ केला. १९४० मध्ये अमेरिकेत ऑस्टिन मूर व हॅरोल्ड बोलमन यांनी हाडाच्या गाठीच्या एका रुग्णात मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून तेथे धातूचा भाग बसविला. मूर यांच्या नावाचा कृत्रिम भाग पुढे अनेक दशके भारतातील सरकारी व धर्मादाय रुग्णालयांत वापरला गेला. मानेचे तुकडे सरकले असतील तर डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो व हाड जुळण्याची शाश्वती राहत नाही. म्हणून वृद्धांमध्ये डोके बदलणे श्रेयस्कर ठरते. मोड मानेच्या खाली असेल तर तेथे रक्तपुरवठा चांगला असतो आणि पट्टी-स्क्रू किंवा हाडाच्या पोकळीतील सळई यांनी काम भागते. यांपैकी कोणतीही शस्त्रक्रिया झाली तरी हेतू एकच, रुग्णास लवकर उभे करणे.

शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी, असे इंग्लंडच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. भारतासह १७ देशांतील २,९७० रुग्णांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर साधारण ६ तासांत आणि साधारण २४ तासांत शस्त्रक्रिया झालेल्या दोन गटांची त्यात तुलना होती. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रम कमी आढळला व ते लवकर उभे राहिले. म्हणजे काही तास पुढेमागे झाले तर जिवाला घोर लावून घेण्याचे कारण नाही. पैशांची जुळवाजुळव, परगावच्या मुलाची वाट पाहणे, 'आणखी एका डॉक्टरांना विचारू' यांत चार-सहा दिवस जातात, ते मात्र रुग्णाला महाग पडतात. नेहमीच्या औषधांच्या सर्व पाकिटांसह, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसह, रुग्णालयात यावे. त्यांची माहिती नसल्याने विनाकारण वेळ जातो.

शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री घरच्यांना सर्वाधिक घाबरवून सोडते ती रुग्णाची असंबद्ध बडबड. जुन्या पिढीत याला 'वात झाला' म्हणत. कालपर्यंत व्यवस्थित बोलणारी आई मुलाला ओळखत नाही, सलाईन उपटू पाहते, दिवंगत नातेवाइकांना हाका मारते. ही वेडाची सुरुवात नव्हे. वेदना, अपुरे पाणी, बद्धकोष्ठ, संसर्ग, अनोळखी जागा व मोडलेली झोप यांनी मेंदूवर आलेला तो ताण असतो. बहुतेकांत काही दिवसांत तो ओसरतो, काहींत काही आठवडे रेंगाळतो. चष्मा व श्रवणयंत्र घरी ठेवून आलेला रुग्ण अधिक गोंधळतो, म्हणून ती साधने पहिल्याच दिवशी आणावीत. ओळखीचा एक माणूस जवळ बसावा, दिवसा खिडकी उघडी असावी, आणि वाद न घालता आपण कोठे आहोत, आज वार कोणता हे पुनःपुन्हा सांगावे.

दुसऱ्या दिवसापासून भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णास पलंगाच्या कडेला बसवितात व वॉकर धरून उभे करतात. किती भार द्यायचा हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ठरवितात, तरी बहुतेकांना पूर्ण भार देण्याची मुभा असते. 'त्यांना दुखते आहे, आज राहू द्या' ही मायेची विनंती येथे घात करते. २००७ च्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायू घटले. आजारी माणसाचे नुकसान याहून अधिक होणार हे उघड आहे. वेदनाशामक औषध व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी देऊन मग चालविणे, हा त्यावरचा साधा मार्ग आहे.

आहाराविषयीही लिहिणे भाग आहे. घरून येणाऱ्या डब्यात प्रायः पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर असते. हे पदार्थ पचायला हलके खरे, पण स्नायू बांधणारी प्रथिने त्यांत नाममात्र. मूत्रपिंडाचा विकार नसल्यास घट्ट वरण, मूग, दूध, दही, चालत असल्यास अंडे वा मासे रोज पोटात जावे. 'पथ्य' या शब्दाखाली आपण वृद्धांना उपाशी ठेवतो, असे कधी कधी वाटते.

एक खुबा मोडलेल्या व्यक्तीचा दुसरा मोडण्याचा धोका वाढलेला असतो, आणि तरीही हाडांच्या विरळतेवर उपचार न होताच अनेकजण घरी जातात. वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रॉनिक आम्ल अस्थिभंगावरील शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत सुरू केल्यास नव्या अस्थिभंगांत ३५ टक्के व मृत्यूंत २८ टक्के घट होते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. 'ड' जीवनसत्त्व व कॅल्शियम यांची पातळी आधी पाहून घ्यावी लागते.

खर्चाची बाब टाळता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये ठरलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जावे. परंतु घरी गेल्यावर लागणारा वॉकर, कमोडची खुर्ची, भौतिकोपचारतज्ज्ञांच्या घरभेटी हा खर्च कुटुंबावर पडतो, आणि नेमका तेथेच व्यायाम सुटतो. अनेक गावांतील रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे ही साधने अनामत घेऊन वापरण्यास देतात. देणगीदारांनी यंत्रसामग्रीइतकाच या किरकोळ दिसणाऱ्या गोष्टींचाही विचार करावा, असे सुचवावेसे वाटते.

डोके बदललेल्या रुग्णास मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे आणि पायावर पाय टाकणे वर्ज्य असते. कृत्रिम डोके खोबणीतून निसटण्याची भीती असते. जन्मभर पाटावर बसून पूजा व पंगतीत जेवण केलेल्या माणसाला ही बंदी वेदनेपेक्षा जड जाते. देव्हारा हातभर उंच टेबलावर आणला, जेवताना घरातील आणखी कोणी खुर्चीवर सोबतीला बसले, तर ती पुष्कळच सुसह्य होते.

वॉकर सुटून काठी आली की ती बहुतेकजण ऑपरेशनच्या बाजूच्या हातात धरतात. ती चांगल्या बाजूच्या हातात हवी. जिना चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा. उतरताना काठी व ऑपरेशनचा पाय आधी खाली, आणि कठडा असेल तर दुसरा हात त्यावरून काढू नये.