आधी परीक्षा, मग शिक्षा

देवासहून धारला जाताना आमच्या छोट्या मोटारीतून काळा धूर निघू लागला. वाटेत एका मिस्त्रींनी तपासणी-यंत्र जोडले. इंजिन चांगलेच तापलेले. यंत्र मात्र २० अंश सेल्सिअस दाखवीत होते! "सेन्सर बदला," ते म्हणाले.

तापमान सांगणाऱ्या या सेन्सरचा विद्युत्-रोध उष्णतेबरोबर घटतो : २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३००. रोध अधिक दिसला की मोटारीतील संगणक इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल सोडतो. म्हणून हा धूर.

आम्ही इंजिन बंद करून, जोडणी सोडवून सेन्सरचाच रोध मोजला. तो ३०० च्या आसपास भरला. सेन्सर निर्दोष! मग उरलेले सुमारे २,२०० ओहम वाटेतच असले पाहिजेत. पाहतो तो जोडणीच्या पिनांवर हिरवट थर! तो साफ करताच यंत्रावर ८० अंश उमटले आणि धूर थांबला. नवा सेन्सर घेतला असता, तर पैसे जाऊन दोष तसाच राहिला असता.

याच धार जिल्ह्यात, पीथमपूरला, २०२१ साली मोटारींच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग खुला झाला. तेथेही पारख होते ती मोजमापानेच. विद्यार्थिमित्रांनो, यंत्र असो वा माणूस, तपासल्यावाचून कोणासही दोष देऊ नये.