ल्यूपसवर पेशींचा उपचार : आशा खरी, पण गोळ्या चालूच ठेवा

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या विद्यापीठ रुग्णालयात 2021 साली 20 वर्षांच्या एका तरुणीवर वेगळाच उपचार झाला. तिला ल्यूपस होता, मूत्रपिंडांना सूज होती आणि नेहमीची औषधं हरली होती. डॉक्टरांनी तिच्याच रक्तातल्या टी पेशी काढल्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल केला, त्या वाढवल्या आणि शिरेतून परत सोडल्या. लघवीतून जाणारं प्रथिन काही आठवड्यांत झपाट्याने घटलं.

ल्यूपसमध्ये रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते. बी पेशींपासून स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात; सांधे, त्वचा, मूत्रपिंडं, कधी मेंदूलाही झळ बसते. दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया, त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या. रिटुक्सिमॅब हे औषध रक्तातल्या बी पेशी मारतं, पण लसिकाग्रंथींत दडलेल्या काही उरतात. बदललेल्या टी पेशी, म्हणजे कार-टी, तिथवर जाऊन सीडी 19 ही खूण असलेल्या बी पेशी टिपतात. काही महिन्यांनी नव्या बी पेशी येतात, त्या बहुतांशी कोऱ्या पाटीसारख्या. या उपचाराचं खरं अप्रूप इथे आहे.

एर्लांगेनच्याच डॉ. जॉर्ज शेट यांच्या गटाने 2024 मध्ये 15 रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्यांतले 8 ल्यूपसचे. आठही जणांचा आजार शमला आणि पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबली. निष्कर्ष थक्क करणारे आहेत. तरी रुग्ण पंधराच, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवलेल्या नेक्सकार19 ला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली, ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी. ल्यूपससाठी नव्हे. त्यामुळे कुणी ‘स्टेम सेल’ किंवा ‘पेशी उपचार’ म्हणून ल्यूपस बरा करण्याचे लाखो रुपये मागत असेल, तर पैसे भरू नयेत. चाचणी खरी असेल तर तिची सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंद असते. तो क्रमांक मागावा आणि आपल्या संधिवाततज्ज्ञांना दाखवावा.

धोकेही समजून घ्यावेत. पेशी सोडण्याआधी केमोथेरपी द्यावी लागते, नंतर तीव्र ताप येऊ शकतो, रक्तदाब उतरू शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो. या केमोथेरपीतलं सायक्लोफॉस्फमाइड अंडाशयाला इजा करू शकतं. मूल हवं असणाऱ्या तरुणीने बीजं जतन करण्याबद्दल आधीच विचारायला हवं.

हा उपचार ल्यूपससाठी मिळू लागेपर्यंत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्यूपसची नेहमीची गोळी सोडू नये. गरोदरपणातही ते सहसा चालू ठेवतात; डोळ्यांची तपासणी मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. स्टेरॉइड एकाएकी बंद करणं जिवावर बेतू शकतं. लघवीला फेस येऊ लागला, पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावं.