इवल्याशा गाडीची लकाकी

मोटारगाडीचा बंपर, दिव्यांच्या कडा आणि पुढची जाळी यांवर आरशासारखी लकाकी असते, हे तुम्ही पाहिले असेल. जुन्या गाड्यांवर ही लकाकी क्रोमियम धातूची असे. विजेच्या साहाय्याने पोलादावर आधी निकेलचा व त्यावर क्रोमियमचा मुलामा चढवीत. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन गाड्यांवर या मुलाम्याची रेलचेल होती. त्याच काळात तेथे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून गाडीची प्रतिकृती तयार करण्याचा छंदही वाढीस लागला. एएमटी या अमेरिकन कंपनीने १९५८ साली असे संच काढले, की त्यांतून एकच गाडी तीन प्रकारांनी जुळविता येई.

या इवल्या बंपरवरही लकाकी असते. परंतु ती क्रोमियमची नव्हे, ॲल्युमिनियमची! प्लॅस्टिकच्या भागांना प्रथम गुळगुळीत रोगण देतात. मग ते बंद पेटीत ठेवून आतील हवा काढून घेतात आणि ॲल्युमिनियम तापवितात. धातूची वाफ होते व ती थंड भागांवर जाऊन बसते. हा थर इतका पातळ असतो, की केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्साही त्याहून जाड भरेल.

हे सारे भाग एका प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात. भाग कापून काढला, की कापल्या जागी मुलामा जातो आणि प्लॅस्टिकचा ठिपका उघडा पडतो. तो डाग मिलिमीटरभरच असेल. पण गाडी मूळच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी असेल, तर खऱ्या गाडीवर तो पंचवीस मिलिमीटरांचा, म्हणजे जवळजवळ एक इंचाचा दिसेल!

म्हणून कारागिराची पहिली दक्षता कापण्यापूर्वीच सुरू होते. भाग पिरगाळून तोडू नये. चिमट्यासारख्या कटरने तो थोडा दूरवरून कापावा आणि उरलेले टोक वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली धारदार पात्याने हळूहळू छाटावे. कानस फिरवावी ती त्या टोकावरच. शेजारी घसरली, तर चांगली लकाकीही जाते. भाग जेथे चिकटवायचा, तेथील मुलामा मात्र आधी खरवडावा. कारण डिंक प्लॅस्टिकला धरतो, मुलाम्याला धरत नाही.

आता डाग झाकायचा कसा? साधा रुपेरी रंग लावला, तर तो करडा दिसतो. त्यात धातूच्या बारीक चकत्या असतात. त्या आडव्यातिडव्या पडतात आणि प्रकाश विखुरतो. क्रोमसाठी मिळणारी खास शाई यापेक्षा बरी. तिचा थेंब दातकोरणीच्या टोकाने डागापुरताच ठेवावा. पूर्ण वाळेपर्यंत त्यास बोट लावू नये. मोठा डाग असेल, तर मागून चिकट असलेला ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख बसवून कापसाच्या काडीने घासावा. जाळीच्या खाचांत पातळ काळा रंग सोडला, तर सावलीमुळे लकाकी अधिक खुलते.

सारा बंपरच नव्याने रंगवावा, असा मोह पुष्कळांना होतो. पण मूळ आरशासारखी लकाकी कुंचल्याने परत येत नाही. ठिपका झाकण्यासाठी सारा बंपर रंगविला, तर जे चांगले होते तेही हातचे जाते. दुरुस्ती डागाएवढीच असावी, हे कुशल कारागीर जाणतो. हात कोठे चालवावा याइतकेच तो कोठे थांबवावा, हेही कौशल्यच होय.

स्वाध्याय
१. खऱ्या गाडीचा मुलामा व प्रतिकृतीचा मुलामा यांत कोणता फरक आहे?
२. साधा रुपेरी रंग आरशासारखा का दिसत नाही?
३. ‘दुरुस्ती डागाएवढीच असावी’ हे विधान दुसऱ्या एखाद्या कामाचे उदाहरण घेऊन स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : रेलचेल असणे, मोह होणे, हातचे जाणे.