सेकंड हँड गाडी : मीटरवर जाऊ नका!

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की थर्मोडायनॅमिक्स समजो न समजो, नातेवाईकांच्या दृष्टीने आपण गाड्यांचे डॉक्टर होतो. "तू इंजिनिअर ना, जरा येऊन बघ की!" या एका वाक्यावर मी आतापर्यंत नऊ-दहा जुन्या गाड्या बघून आलो. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो.

सगळ्यात जास्त फसवाफसवी मीटरमध्ये. पूर्वीच्या यांत्रिक मीटरमध्ये आकड्यांच्या चकत्या असत, त्या मागे फिरवल्या की काम झालं. डिजिटल मीटर आल्यावर लोकांना खात्री वाटू लागली. पण तो आकडासुद्धा ईईप्रॉम नावाच्या मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो आणि ही चिप पुन्हा लिहिता येते! म्हणून आकडा वाचावा, पण विश्वास झिजेवर ठेवावा.

माझ्या मामांनी उसाचं बिल आणि मामीच्या भिशीचे पैसे एकत्र करून एक गाडी ठरवली होती. "डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढीच चाललीय," असं एजंट सांगत होता. मीटरवर 38,000 किलोमीटर. पण क्लच पेडलच्या रबरावरच्या रेघा पार पुसल्या होत्या, स्टिअरिंग गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर सांगून चौकशी केली, तर तीन वर्षांपूर्वीच 96,000 ची नोंद! मामा काही बोलले नाहीत. बयाण्यासाठी आणलेल्या नोटांवर हात ठेवून तसेच बाहेर पडले.

टायरवरही तारीख असते. चार आकडे शोधा, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. 'कमी चाललेल्या' गाडीचे चारही टायर गाडीपेक्षा बरेच नवे असतील तर का बदलले ते विचारावं.

अपघाताची गाडी ओळखायला आपलं वर्कशॉप कामी येतं. दाराचं रबर थोडं ओढून बघा. कारखान्यातले स्पॉट वेल्ड गोल आणि साधारण सारख्या अंतरावर असतात, गॅरेजमध्ये जोडलेला पत्रा लगेच वेगळा दिसतो. लोहचुंबक फिरवला तर जाड लांबीवर पकड ढिली पडते (प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र प्रयोग करू नये, आमच्या एका मित्राने केला!).

पुरात बुडालेल्या गाड्या हा वेगळाच प्रकार. 2005 ला मुंबईत आणि 2019 ला सांगली-कोल्हापुरात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. धुऊन-पुसून अशी गाडी चकाचक करता येते, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला तर आतल्या भागात चिखलाचा डाग सापडू शकतो. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि वायरच्या जोडांवरची हिरवट बुरशीही बघावी.

इंजिन नेहमी थंड असताना चालू करायला लावा. आपण पोहोचायच्या आधीच बॉनेट गरम असेल तर काहीतरी झाकायचंय असं मी तरी समजतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

आता कागदपत्रं, ज्यांचा आपल्याला कंटाळा! चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावा. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. अक्षरं वाकडीतिकडी किंवा आसपास घासल्याच्या खुणा दिसल्या तर सरळ घरी यावं. "फॉर्म 29 आणि 30 वर सही करून देतो, नावावर सावकाश करा" हे तर ऐकूच नये. 2018 च्या नवीन कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने अपघाताची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर धरली, गाडी पुढे कितीही हात फिरली तरी. म्हणजे विकणाऱ्यालाही घाई हवी. त्याला नसेल, तर का नाही?

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. हप्ते मागच्या मालकाने थकवले, तरी बँकेची माणसं गाडी उचलतात ती आपल्या दारातून.