लॅम रोडवरचा रॉक : अनुभवाचे बोल

आमच्या बँडमध्ये आम्ही चौघं आहोत आणि मी बास वाजवतो. बास वाजतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही, त्यामुळे हा माणूस रिकामाच आहे असं ठरवून बाकीच्या तिघांनी गाण्याच्या जाहिरातीचं काम माझ्या गळ्यात घातलं. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात राहून मराठीत चेष्टामस्करीचा रॉक करायचा आणि तो लोकांच्या कानापर्यंत पोचवायचा, हा उद्योग काही वर्षं केल्यावर जे हाती लागलं ते लिहितो. नवं गाणं येऊ घातलंय, म्हणजे लेखात थोडा स्वार्थ आहेच.

१. देवळालीला नुसत्या दणक्याचं कौतुक नाही. स्कूल ऑफ आर्टिलरीच्या सरावातल्या तोफा ऐकत लहानाचे मोठे झालेल्या माणसांपुढे आमच्या ड्रमरने कितीही हाणलं तरी त्यांची पापणी हलत नाही. त्यात नाशिकचा ढोल शेजारीच. इथल्या श्रोत्याला शब्द लागतात. ‘काय म्हणतोय’ हे कळलं तर तो थांबतो, नाहीतर भाजीची पिशवी उचलून चालू लागतो.

२. गाण्याचं मिक्स शेअर रिक्षात तपासा. स्टुडिओतल्या महागड्या स्पीकरवर सगळंच छान वाजतं. खरी परीक्षा भगूरहून कॅम्पमार्गे नाशिकरोडला जाणाऱ्या रिक्षात, मागच्या सीटच्या पाठीशी बसवलेल्या त्या दोन डब्यांवर. गाणं पूर्ण होण्याआधी मी ते पेन ड्राइव्हवर घेऊन ओळखीच्या रिक्षावाल्या काकांना देतो. एकदा काका बिटको चौकापर्यंत काहीच बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, “चाल भारी आहे रे पोरा, पण तो गडी बोलतोय काय?” त्या रात्री बास खाली घेतला आणि गळा वर आणला. बास वाजवणाऱ्याने स्वतःच्या हाताने बास कमी करणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत.

३. गाणं माणसांच्या हाती द्या. जाहिरातीचा विषय निघाला की मला गोव्याचे रेमो फर्नांडिस आठवतात. १९८४ साली त्यांनी ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या छोट्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केला. वाद्यं स्वतःच वाजवली. मग कॅसेटी स्कूटरवर टाकून गोव्यातल्या दुकानादुकानांत स्वतः पोचवल्या. गाणी गोव्याची, त्यातली थट्टाही गोव्याचीच, आणि पहिलं गिऱ्हाईकही गोव्याचंच. पद्मश्री २००७ साली मिळाली. आधी स्कूटर होती.

आमच्याकडे स्कूटरच्या जागी पंचवटी एक्स्प्रेस आहे. देवळालीहून मुंबईला रोज जाऊन येऊन करणारे पासहोल्डर त्या डब्यात आयुष्याचा मोठा भाग घालवतात. पत्ते, वाढदिवस, भजन, भांडण, सगळं तिथेच. त्यांच्यापैकी एकाला गाणं आवडलं तर कसाऱ्यापर्यंत अख्ख्या ग्रुपमध्ये फिरलेलं असतं, आणि नाही आवडलं तर तेही कल्याणच्या आत कळवतात. पैसे देऊन चालवलेल्या जाहिरातीने आमच्या व्हिडिओवर आकडे वाढले, पण त्यातून कार्यक्रमाला कुणी आलेलं मी पाहिलं नाही. पासहोल्डर येतात, बायकोमुलांना घेऊन येतात, आणि पुढच्या रांगेत बसून चुका काढतात.

४. थट्टा कुणाची करायची ते आधी ठरवा. विनोदी बँडला सगळ्यात जपायला लागतं ते इथे. आमच्याकडे बिबट्यावर एक गाणं होतं. लॅम रोड, विहितगाव, वडनेर हा सगळा पट्टा उसाचा आणि झाडीचा. बिबट्या दिसला ही बातमी इथे नवी नाही. गाण्यात बिबट्या संध्याकाळी कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांपुढून फिरायला निघतो आणि हवापालटाला आलेल्या मुंबईकरांसारखा प्रत्येक फाटकापाशी थांबून ‘हवा छान आहे’ म्हणतो. तालमीत आम्ही हसून लोळायचो. पण नाशिक तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलं गेली आहेत. ज्या वस्तीतल्या आया अंधार पडायच्या आत पोरांना घरात घेतात, तिथे स्टेजवरून हे गाणं कसं म्हणायचं? गायकाचं म्हणणं, भीतीवर हसूच औषध. माझं म्हणणं, ते ज्याला भीती आहे त्याने ठरवावं, आपण नाही. शेवटी गाणं ठेवलं, पण रोख बदलला. आता त्यात बिबट्या दिसत नाही. बिबट्यासाठी लावलेल्या पिंजऱ्याभोवती मोबाइल उंचावून रील काढायला जमलेली गर्दी दिसते. हसू तेवढंच येतं. गायक अजून जुनंच गाणं बरं होतं म्हणतो. असो.

५. कॅन्टोन्मेंट म्हणजे शिस्त. लष्करी हद्दीच्या आसपास कॅमेरा काढायचा नाही, ड्रोनचं तर नावही नको. आमचा व्हिडिओ गच्चीवर झाला आणि दोऱ्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांमुळे स्वस्तात रंगीतही झाला. रात्री १० ला ध्वनिवर्धक बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. ९ वाजून ५० मिनिटांनी शेवटचं गाणं सुरू करू नका. आमची शेवटची गाणी लांबतात.

६. भाषेची लाज बाळगू नका. १९८४ साली मुंबईत रॉक मशीन हा बँड सुरू झाला तेव्हा रॉक इंग्रजीतच असतो असं समजलं जायचं. तो उत्तम बँड होता. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाला आणि भारतीय वाद्यांकडे वळला, पण शब्द इंग्रजीच राहिले. आता बघा. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं. ते रॉक नाही, नाचायचं गाणं आहे, आणि शब्दांत चक्क वात्रटपणा आहे. परदेशी श्रोत्यासाठी त्यात कुणी मराठी पातळ केली नाही. मला स्वतःला ते गाणं फार आवडतं असं नाही, पण त्यांची हिंमत आवडते.

७. कागदपत्रांचा कंटाळा करू नका. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी पाठवावं, म्हणजे निदान आपल्या फॉलोअरांच्या ‘रिलीज रडार’ या यादीत तरी येतं. २०२४ पासून तिथे वर्षभरात १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत. छोट्या बँडवर हा अन्यायच आहे, पण माहीत असलेला बरा. गीतकार आणि संगीतकार यांनी आयपीआरएस या गाण्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या, १९६९ पासूनच्या संस्थेत नाव नोंदवावं, आणि शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, हे गाणं बाहेर पडायच्या आधी सह्या करून लिहून ठेवावं. आम्ही हे चहाच्या टपरीवर, बिलाच्या मागच्या बाजूला केलं. नंतर नीट टाइप केलं.

८. हा बोल वाचकांसाठी. कुठल्याही नव्या मराठी बँडचं गाणं समोर आलं, आमचं असो वा दुसऱ्या कुणाचं, तर पहिली ३० सेकंदं तरी बोट आवरा. त्याआधी पुढे गेलात तर स्पॉटिफायवर ते गाणं ऐकल्याची नोंदच होत नाही.